उतारावर कळणारी गाडी

रविवारी दुपार कलली की कासहून उतरणाऱ्या गाड्यांची साताऱ्याजवळच्या यवतेश्वर घाटात रांग लागते. परवा त्या रांगेतली एक लाल स्विफ्ट शेवटच्या वळणांच्या अलीकडे कडेला घेतलेली होती. पुढच्या दोन्ही चाकांतून धूर येत होता, हवेत जळक्या ब्रेक पॅडचा तो उग्र, नाकात बसणारा वास होता आणि वीसेक वर्षांचा एक पोरगा पाण्याची बाटली डिस्कवर उपडी करत होता. लोखंड चरचरत होतं, वाफ उठत होती, बरोबरचे तिघं मोबाइल धरून हसत होते. गाडीची हौस मात्र पुरेपूर झालेली. जाड आवाजाचा सायलेन्सर, मागं स्पॉयलर, मडगार्डच्या बाहेर डोकावणारे रुंद टायर, काचेवर आडवा स्टिकर. "पेडल पार आत जातंय ओ, ब्रेकच लागंनात," तो थांबलेल्या एका काकांना सांगत होता. काकांनी एवढंच विचारलं, "गिअरात आणलीस का न्यूट्रल?" पोरगा म्हणाला, "न्यूट्रल. पेट्रोल वाचतं की."

अशा पोरासाठी पहिली सेकंड हँड गाडी कशी निवडावी हे सांगायला बसलो, तरी हे 'पेट्रोल वाचतं की' डोक्यातून जाता जात नाही.

कारण ते वाचत नाही. आजकालच्या इंजेक्शनच्या गाडीत गिअर पडलेला असताना ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला की पेट्रोल फवारणारे इंजेक्टर बंद होतात, चाकंच इंजिन फिरवत राहतात आणि पेट्रोल जळतच नाही. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यापुरतं जळतच राहतं. म्हणजे पेट्रोलही गेलं आणि इंजिनाचा फुकटचा ब्रेकही गेला. माणसं धरून १२०० किलो भरणारी गाडी १०० मीटर उंची उतरते, तेव्हा सुटणाऱ्या ऊर्जेवर साडेतीन लिटर गार पाण्याला सहज उकळी फुटेल. दुसऱ्या गिअरमध्ये उतरलात तर त्यातला मोठा वाटा इंजिन गिळतं. न्यूट्रलमध्ये तो सगळा ब्रेकवर, आणि त्यातही पुढच्या दोन डिस्कवर येतो, कारण उतारावर वजन पुढं झुकतं आणि मागच्या ड्रमच्या वाट्याला फारसं काम उरत नाही. डिस्कची उष्णता पॅड दाबणाऱ्या कॅलिपरमधून ब्रेक ऑइलपर्यंत पोचते. डॉट ४ प्रतीचं ताजं ऑइल निदान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. पण ते हवेतला ओलावा शोषत राहतं, आणि पुरेसं पाणी मुरलं की हाच आकडा १५५ च्या आसपास येतो. ऑइल उकळलं की नळीत बुडबुडे होतात, बुडबुडा दाबला जातो, आणि पेडल आत गेलं तरी पॅडवर जोर येत नाही. म्हणून दर २ वर्षांनी ब्रेक ऑइल बदलायचं असतं. स्पॉयलरच्या निम्म्या पैशात ते काम होतं. राहिलं पाणी ओतण्याचं. तापलेली बिडाची डिस्क एका बाजूनं गार केली की वाकते किंवा तडकते, आणि मग ८० च्या वेगात ब्रेक मारला की स्टिअरिंग थरथरतं. धूर दिसला तर गाडी कडेला घ्यावी, चाकाला दगड लावावा, तोंड उताराकडं असेल तर रिव्हर्स गिअर टाकावा आणि अर्धा तास गप्प बसावं.

साताऱ्यात सेकंड हँड गाड्यांच्या आवारात शनिवारी-रविवारी बाप-लेकांच्या जोड्या दिसतात. लेक सीटवर बसतो, ॲक्सिलरेटर दाबून आवाज ऐकतो आणि विचारतो, "टॉप किती?" बाप टायरला पायानं टोचतो आणि विचारतो, "ॲव्हरेज काय देते?" दोन्ही प्रश्न चुकीचे नाहीत, पण दोघांची उत्तरं मिळाली तरी गाडी कळत नाही. टॉप म्हणाल तर १५० च्या पुढं जवळपास सगळ्याच जातात, आणि पोवई नाक्यापासून मेढ्यापर्यंत किंवा बोगद्यापासून ठोसेघरपर्यंत १५० ला जागा नाही. ॲव्हरेज म्हणाल तर लहान पेट्रोल गाड्यांत लिटरमागं २ किलोमीटरचा फरक पडेल. महिन्याला ६०० किलोमीटर फिरणाऱ्या पोराच्या हिशेबात तो फरक ४०० ते ५०० रुपयांत संपतो. तेवढ्यासाठी ज्या गाडीकडं बघून मन उचंबळत नाही ती गळ्यात मारू नये, असं आमचं मत. अठराव्या-विसाव्या वर्षी गाडी आवडावी लागते. जी आवडते तिची हवा तपासली जाते, तिच्या इंजिनाचा आवाज बदलला तर कळतो. न आवडणारी गाडी वर्षभरात धाकट्या चुलतभावाच्या ताब्यात जाते आणि पोरगा मित्राच्या गाडीवर सुटतो, जी आपल्याला ठाऊकही नसते.

तेव्हा 'गाडी स्पोर्टीच हवी' हा पोरांचा हट्ट मान्यच करून टाकू. फक्त त्यात काय बघायचं ते नीट बघू.

पहिलं बघायचं ते वजन. ८५० ते ९५० किलोची गाडी आणि ८० ते ९० हॉर्सपॉवरचं साधं, टर्बो (इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा) नसलेलं पेट्रोल इंजिन ही शिकणाऱ्यासाठी सगळ्यात गोड जोडी आहे. हलकी गाडी वळते लवकर, थांबते लवकर, टायर आणि पॅड कमी खाते. टर्बो नसलेल्या इंजिनाला ताकद मागावी लागते. २०१८ च्या स्विफ्टमधलं ११९७ सीसीचं इंजिन ११३ न्यूटन-मीटर टॉर्क (फिरवण्याचा जोर) ४२०० आरपीएमला, म्हणजे मिनिटाला ४२०० फेऱ्यांना देतं. म्हणजे सज्जनगडाच्या चढाला ट्रक ओलांडायचा असेल तर आधी तिसऱ्याचा दुसरा करावा लागतो, आवाज वाढवावा लागतो, जागा आहे का बघावं लागतं. या सगळ्यात जे दोन-तीन क्षण जातात ते शहाणपणाचे असतात. उलट १ लिटर टर्बो इंजिन १५०० आरपीएमलाच १७२ न्यूटन-मीटर ओतायला लागतं, गिअर बदलायची गरजच उरत नाही, आणि वेग वाढल्याचं कानाला कळायच्या आत काटा ९० वर गेलेला असतो. तज्ज्ञ हाताला ती मजा आहे. नवशिक्याच्या हातात तीच गाडी वळणाच्या मध्यावर नको तेवढा धक्का देते, पुढची चाकं सुटतात आणि गाडी वळायच्या ऐवजी सरळ दरीकडं जाते. पावसाळ्यात कासच्या रस्त्यावर लाल चिखल आणि शेवाळ असतं, धुक्यात पुढच्या गाडीचा दिवाही दिसत नाही, तेव्हा तर विचारायलाच नको.

वेगाचं गणित पोरांना सांगावं ते असं. ६० चा वेग ८० झाला तर आकडा एक तृतीयांशानं वाढतो, पण ब्रेकला गिळावी लागणारी ऊर्जा जवळजवळ पावणेदोन पट होते. १०० झाला तर पावणेतीन पटीच्याही थोडी वर जाते. १०० च्या वेगात गाडी एका सेकंदात २८ मीटर जाते, आणि पाय ब्रेकवर पोचायलाच एक सेकंद लागतो. खंबाटकीच्या जुन्या बोगद्यापुढचं एस वळण ज्यांनी पाहिलंय त्यांना २८ मीटर म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको.

आता गाड्यांची नावं. स्विफ्ट आधी, कारण टाळताच येत नाही. २०१८ साली आलेली तिसरी पिढी आधीच्यापेक्षा हलकी झाली, मागची सीटही मोठी झाली. २०२१ पासूनच्या इंजिनात ताकद ८३ वरून ९० हॉर्सपॉवरवर गेली. सुटे भाग कुठल्याही तालुक्याच्या गावी मिळतात, फाट्यावरचा मिस्त्रीही तिचा क्लच डोळे मिटून उतरवतो. तरी एक गोष्ट झाकून ठेवता येत नाही. गाड्या धडकवून सुरक्षितता तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत २०१८ मध्ये तिला पाचपैकी २ तारे मिळाले, आणि कडक झालेल्या नियमांनी २०२२ मध्ये १ तारा. हलकेपणाची मजा आणि पत्र्याची धास्ती एकाच गाडीत येते, आणि इथं आमचंही मन दोन्हीकडं ओढलं जातं. २०२४ मध्ये आलेल्या चौथ्या पिढीत सगळ्या मॉडेलना ६ एअरबॅग आहेत, पण इंजिन तीन सिलिंडरचं झालं. त्याचा आवाज वर चढवत न्यावासा वाटत नाही. ऐपत असेल तर आवाज सोडावा आणि एअरबॅग घ्याव्यात.

दुसरी गाडी लोक विसरलेत, ती होंडा ब्रिओ. २०११ ते २०१९ या काळात विकली गेली. १२०० सीसी, ८८ हॉर्सपॉवर, वरच्या आरपीएमला गाणारं इंजिन, हातात लोण्यासारखा फिरणारा गिअर आणि छोटा बांधा. डिकी १७५ लिटरची, त्यात दोन पिशव्या आणि एक बॅट मावते, म्हणून घरच्यांना ती आवडली नाही. त्यामुळंच आज ती स्वस्त मिळते. कॉलेजच्या पोराला डिकी कशाला हवी? घ्यायचीच तर शेवटच्या दोन वर्षांतली, एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) आणि एअरबॅगवाली वरची मॉडेल शोधावी. आधीच्या स्वस्त मॉडेलना यातलं काहीच नाही.

फोक्सवॅगनच्या पोलोचं नाव प्रत्येक पोराच्या ओठावर असतं. चाकणला बनायची, २०२२ मध्ये बंद झाली. दार लावल्याचा तो जड 'धप्प' आवाज आणि १०० च्या वेगातला रस्त्यावरचा पक्केपणा यांची सर या किमतीत दुसऱ्या गाडीला नाही, हे कबूल. पण २०१३ पासूनच्या १.२ टीएसआय या टर्बो पेट्रोल मॉडेलमधला सात गिअरचा डीएसजी, म्हणजे आपोआप गिअर बदलणारा गिअरबॉक्स, कोरड्या क्लचचा आहे. रांगेत इंचाइंचानं सरकताना तो तापतो, आणि त्याचे गिअर बदलणारं मेकॅट्रॉनिक युनिट गेलं की मिस्त्री आधी पाण्याचा ग्लास पुढं करतो, मग आकडा सांगतो. पोलो हवीच असेल तर २०२० नंतरची १.० टीएसआय मॅन्युअल बघावी, ११० हॉर्सपॉवर, सहा गिअर. ती मालक सहजासहजी सोडत नाहीत आणि सोडली तर भाव सांगतात. ह्युंदाईच्या आय-२० एन लाइनला चारही चाकांना डिस्क आहेत, टाटाच्या अल्ट्रोझ रेसरला १२० हॉर्सपॉवर आहेत. दोन्ही छान आहेत, पण दोन्ही टर्बो आहेत आणि दुसरी गाडी म्हणून घ्याव्यात. फोर्ड फिगोचं १.५ डिझेल म्हणजे १०० हॉर्सपॉवर आणि २१५ न्यूटन-मीटर, महामार्गावर बेफाम. मात्र फोर्डनं २०२१ मध्ये इथलं उत्पादन थांबवायचं जाहीर केलं, भाग मिळतात पण थांबावं लागतं. डिझेलबद्दल एकच सांगणं. २०२० नंतरच्या, बीएस ६ या प्रदूषण नियमांतल्या डिझेलला धुराची जाळी असते, ती साफ व्हायला इंजिन चांगलं तापून बराच वेळ पळावं लागतं. राजवाडा ते कॉलेज आणि परत, एवढ्याशा फेऱ्यांत ती तुंबते.

सेकंड हँड घेताना साल बघण्याचं खरं कारण सुरक्षिततेचे नियम आहेत. एप्रिल २०१९ नंतरच्या प्रत्येक नव्या गाडीला एबीएस आहे, जुलै २०१९ पासून ड्रायव्हरला एअरबॅग सक्तीची झाली, शेजारच्याला ती सगळ्या मॉडेलमध्ये यायला २०२१ चं साल संपलं. म्हणून २०१७ ची भरगच्च ॲक्सेसरीज लावलेली गाडी आणि २०१९ च्या अखेरची साधी गाडी एकाच भावात मिळत असतील तर साधीच उचलावी.

आता सगळ्यात खोल पाणी, आणि ते शब्दशः. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये सांगलीत कृष्णेचं पाणी गल्ल्यांत शिरलं. त्यात बुडालेल्या गाड्या कुठं तरी गेल्या असणारच. धुतल्या, पॉलिश झाल्या आणि दुसऱ्या जिल्ह्याच्या आवारात उभ्या राहिल्या तर वरून काही कळत नाही. एमएच १०, म्हणजे सांगली पासिंगची गाडी म्हणून नाक मुरडायचं कारण नाही, तपासायचं कारण मात्र आहे. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघावा, गुंडाळीच्या आतल्या भागात मातकट रेघ असते. स्टेपनीखालच्या खोलगट जागेत बोट फिरवावं, सीटखालच्या रुळांवर गंज बघावा, गालिचा कोपऱ्यातून उचलून वास घ्यावा. आत अत्तराचा मारा असेल तर जास्तच संशय घ्यावा. वायरिंगच्या जोडांवर हिरवट बुरशी दिसली की हात जोडून बाहेर पडावं. इंजिन नवं टाकता येतं, पाणी प्यालेलं वायरिंग आयुष्यभर छळतं.

ठोकलेली गाडी ओळखणं त्यामानानं सोपं. दाराचं रबर ओढून बघावं, कंपनीच्या स्पॉट वेल्डिंगचे गोल ठसे सारख्या अंतरावर दिसले पाहिजेत. बॉनेटच्या आणि मडगार्डच्या बोल्टवरचा रंग पान्यानं उडालेला नको. सगळ्या काचांवरचं साल सारखं हवं. लांबी (पत्र्याच्या खड्ड्यात भरायची पुट्टी) भरलेली जागा चुंबक घट्ट धरत नाही. मीटर मागं फिरवलंय का ते टायर सांगतो. टायरवर चौकटीत चार अंक असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन साल. २०१९ ची गाडी, मीटर २६,००० किलोमीटर आणि चारही टायर '१४२३' असतील, तर कंपनीचे टायर इतक्या लवकर कुठं झिजले, हे मालकाला हसत विचारावं. मग सर्व्हिस सेंटरमध्ये गाडीच्या नंबरवरून जुन्या नोंदी काढाव्यात. बहुतेक जागी त्या निघतात.

टेस्ट ड्राइव्ह आवाराच्या भोवती एक चक्कर मारून होत नाही. बॉनेटला हात लावून गार आहे ना ते आधी बघायचं, कारण विकणारे गाडी तापवून ठेवतात आणि थंड इंजिनाची खडखड लपते. सुरू करताना दुसऱ्याला मागं उभं करावं. निळसर धूर आला तर इंजिन ऑइल पितंय. सपाट रिकाम्या रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये ४० वरून एकदम पूर्ण ॲक्सिलरेटर द्यावा. आरपीएम चढलं आणि गाडी मागंच राहिली तर क्लच प्लेट संपली. ६० वरून जोरात ब्रेक मारताना स्टिअरिंग हलकं धरावं. गाडी डावीकडं ओढली तर कॅलिपर अडकतोय, थरथरली तर डिस्क वाकली, बहुधा कुणी तरी घाटात पाणी ओतलेलं असतं. स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू फिरवताना कटकट आली तर ॲक्सलचा सांधा गेला. स्पीड ब्रेकरवर खालून 'टक्क' आलं तर लिंक रॉड किंवा बुश, ते किरकोळ, त्यावर भाव पाडून घ्यावा. शेवटी बोगद्यातून सज्जनगडाच्या रस्त्याला लागावं आणि दोन-चार चढउतार दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर करावेत. विकणारा "घाटात नको ओ" म्हणाला तर त्याला गाडीबद्दल आपल्यापेक्षा जास्त माहिती आहे.

गाडी घरी आली की पोरं टायरच्या दुकानात जातात. रुंद टायर बसवायला हरकत नाही, पण टायरची एकूण उंची बदलता कामा नये. स्विफ्टच्या साध्या मॉडेलला १६५/८० आर १४ येतो (१६५ ही मिलिमीटरमधली रुंदी), उंची साधारण ६२० मिलिमीटर. वरच्या मॉडेलचा १८५/६५ आर १५ भरतो ६२१ च्या पुढं, म्हणजे कंपनीनंच हिशेब जमवून ठेवलाय. त्या लाल गाडीसारखे बाहेर आलेले टायर, समजा २०५/६५ आर १५, साडेसहाशेला टेकतात. काटा १०० दाखवतो तेव्हा गाडी १०४ ने जात असते, वळणात टायर मडगार्डला घासतो, स्टिअरिंग जड होतं आणि मोठं चाक थांबवायला त्याच ब्रेकना जास्त जोर लागतो. पिकअपही मंदावतो. म्हणजे स्पोर्टी दिसण्यासाठी पैसे देऊन गाडी आळशी करून घ्यायची. १८५ चे चार चांगले टायर वीस हजारांच्या पुढं जातात, आणि हा खर्च गाडीच्या किमतीतच धरायचा. सहा वर्षांहून जुना टायर, नक्षी शाबूत असली तरी, घाटाला नेऊ नये. रबर कडक झालेलं असतं, पहिल्या पावसात घसरतं.

ताज्या ब्रेक ऑइलला, नव्या पॅडना आणि टायरना मिळून गाडीच्या भावातले तीसेक हजार आधीच बाजूला काढावेत. साडेपाच लाख हातात असतील तर गाडी पाच लाखांपर्यंतचीच बघावी, कारण विमा आणि नाव बदलणंही त्यातच बसवायचंय. १००० सीसीपर्यंतच्या गाडीचा वर्षाचा थर्ड पार्टी विमा २०२२ च्या दरानं २,०९४ रुपये, १५०० सीसीपर्यंत ३,४१६. पोरगा नवखा आहे म्हणून पूर्ण विमाच घ्यावा. वडिलांच्या जुन्या गाडीवर ५० टक्के नो क्लेम बोनस (भरपाई न मागितल्याबद्दल विम्यात मिळणारी सवलत) साठला असेल आणि ती विकली असेल, तर तो बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. पत्र काढून नव्या गाडीला लावता येतो, मात्र त्यासाठी गाडी वडिलांच्या नावावर हवी. नाव बदलण्याच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या की १४ दिवसांच्या आत विमाही आपल्या नावावर करून घ्यावा. आरसी (गाडीचं नोंदणीपत्र) एकाच्या नावावर आणि विमा दुसऱ्याच्या, असं असताना ठोकली तर पैसे अडकतात. जुन्या मालकाचं कर्ज असेल तर बँकेचं पत्र आणि कर्जाची नोंद उतरवणारा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नये. जाड सायलेन्सर मालकानं काढून दिला नाही तर तेवढा भाव कमी करून मागावा आणि मूळचा सायलेन्सर डिकीत टाकून आणावा. ब्रिओ असेल तर तो मागच्या सीटवर ठेवावा लागेल.